रसिकांची आठवण : साक्षीदार की न्यायाधीश?

काही कला आपल्यामागे वस्तू ठेवून जातात. शिल्पकार गेला तरी मूर्ती राहते, कवी गेला तरी पोथी राहते, गवंडी गेला तरी वाडा उभा असतो. परंतु काही कला अशा आहेत की, त्या घडत असतानाच विरत जातात. कीर्तनकाराने आख्यान संपवून हात जोडले, किंवा मिरवणुकीतील शेवटचा ताशा थांबला, की जे घडले ते जसेच्या तसे पुन्हा दाखविता येत नाही. अशा कलेचा अर्धा संसार कलावंताच्या हाती असतो आणि उरलेला अर्धा श्रोत्यांच्या आठवणीत असतो. म्हणूनच रसिकांनी काय आठवावे आणि त्या आठवणीचा उपयोग कशासाठी करावा, हा प्रश्न आम्हांस गौण वाटत नाही. आपल्या गावातील उदाहरण घेऊन तो चर्चिला, तर लगेच पक्ष पडतात आणि मुद्दा बाजूस राहतो. यास्तव आम्ही सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण घेत आहोत. दूरच्या घरातील भांडण आपल्याला शांतपणे ऐकता येते, आणि ऐकता ऐकता ते आपल्याच घरातले आहे हेही कळून येते.

अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ नावाचा एक वाद्यप्रकार आहे. ‘कोअर’ म्हणजे पथक. शेदीडशे तरुण मुले-मुली गणवेश घालून फुटबॉलच्या मैदानावर उतरतात. त्यांच्याजवळ साइड ड्रम, बास ड्रम, झांजा असे तालवाद्यांचे दळ असते. बिगुलाच्या कुळातील पितळी वाद्ये असतात. आणि त्यांच्या जोडीला रंगीत ध्वज फिरविणारे ध्वजपथक असते. बासरी, सनई यांच्या जातीची वाद्ये त्यांत घेत नाहीत. हे सारे जण वाजवीत वाजवीत चालतात आणि चालता चालता मैदानावर रेषा, वर्तुळे, चौकोन रेखाटतात व पुसतात. एका पथकाचा कार्यक्रम दहा-बारा मिनिटांचा असतो. पण त्या मिनिटांसाठी ही मुले अवघी उन्हाळ्याची सुटी खर्ची घालतात. बसमधून गावोगाव प्रवास करावयाचा, परक्या शाळेच्या व्यायामशाळेत फरशीवर झोपावयाचे, दिवसभर उन्हात सराव करावयाचा आणि रात्री स्पर्धेत उतरावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. वयाची एकविशी-बाविशी उलटली की पथक सोडावे लागते.

या प्रकाराचे मूळ लष्करी आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही संस्था स्थापन केली. ती आणि ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’ ही तिच्याहून जुनी संस्था, या दोहोंच्या आश्रयाने ढोल-बिगुलांची पथके वाढली. पुढे चर्चसंस्था आणि बालवीर पथके यांनीही आपापली पथके उभी केली. मॅडिसन स्काउट्स हे १९३८ चे पथक आणि शिकागोचे कॅव्हेलियर्स हे १९४८ चे पथक, ही दोन्ही बालवीरांतूनच जन्मास आली. मूळ लष्करी असल्यामुळे नियमही लष्करी थाटाचे होते. राष्ट्रध्वजाची मानवंदना आवश्यक असे. परीक्षक हातात कागद घेऊन प्रत्यक्ष वादकांच्या रांगांतून हिंडत. एखाद्याचे पाऊल चुकले, एखाद्याची टिपरी मागेपुढे पडली, की कागदावर एक खूण होई आणि प्रत्येक खुणेमागे गुणाचा दहावा भाग कापला जाई. थोडक्यात, पथक पूर्णत्व घेऊन मैदानात उतरते आणि प्रत्येक पावलागणिक ते गमावीत जाते, अशी ती कल्पना होती.

१९७० च्या सुमारास पथकांच्या चालकांना ही व्यवस्था जाचू लागली. मेहनत पथकांची, प्रवासाचा खर्च पथकांचा, प्रेक्षक येत तेही पथकांसाठी. परंतु नियम कोणते असावेत, परीक्षण कसे व्हावे, हे ठरविणारे मात्र दुसरेच. तेव्हा कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरेन, वायोमिंग संस्थानातील ट्रूपर्सचे जिम जोन्स, कॅलिफोर्नियातील सांता क्लारा व्हॅनगार्डचे गेल रॉयर आदी चालक एकत्र आले आणि १९७१ मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही पथकांची स्वतःची संस्था निघाली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर या लहानशा विद्यापीठाच्या गावी भरली. डिस्नेलँडमुळे जगास ठाऊक असलेल्या अॅनाहाइम शहराचे ‘किंग्जमेन’ हे पथक पहिले आले. विस्कॉन्सिनचेच, ला क्रॉस गावचे ‘ब्लू स्टार्स’ दुसरे आले आणि सांता क्लारा व्हॅनगार्डला तिसरा क्रमांक मिळाला. पुढील वर्षी त्याच मैदानावर व्हॅनगार्डने पहिला क्रमांक मिळविला.

निकालाचा तक्ता एवढेच सांगतो, आणि तक्त्याचे काम तेथे संपते. व्हाइटवॉटरच्या पायऱ्यांवर बसलेले रसिक पन्नास वर्षे ज्या गोष्टी सांगत आले, त्या तक्त्यात सापडत नाहीत. साठ-सत्तर पितळी वाद्यांचे तोंड एकाच क्षणी प्रेक्षकांकडे वळले म्हणजे आवाज कानांआधी छातीवर कसा आदळतो, हे गुणांच्या आकड्यांवरून कळत नाही. घोडदळाच्या जुन्या गणवेशातील ट्रूपर्स मैदानाच्या मध्यातून सूर्यकिरणांसारखे फाकत, तेव्हा प्रेक्षक उभे का राहत, हेही कळत नाही. कॅन्सस संस्थानातील ग्रेट बेंड हे शेतीवाडीचे गाव. पण तेथील ‘आर्गोन रेबेल्स’ या पथकाचे बिगूल ऐकून मोठ्या शहरांची पथके स्तिमित होत. सारे कार्यक्रम आटोपल्यावर निकाल तळापासून वर वाचण्याची प्रथा आहे. एकेका नावाबरोबर एकेका पथकाची आशा मावळते आणि शेवटी दोनच नावे उरतात. त्या वेळची शांतता केवळ तेथे असलेल्यालाच ठाऊक. आम्ही रसिकांच्या आठवणीला साक्षीदार म्हणतो ते या अर्थाने. जे कागदावर उतरत नाही, ते तिने सांगावयाचे असते.

ही साक्ष किती मोलाची आहे, हे पुढील इतिहास पाहिला की पटते. अजिंक्यपद मिळाले म्हणून किंग्जमेन चिरंजीव झाले नाहीत. ते पथक पुढे बंद पडले. आर्गोन रेबेल्स बंद पडले. मॅसॅच्युसेट्समधील रिव्हियर गावचे ‘ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स’ हे त्या पिढीतील नामांकित पथक १९८६ च्या हंगामानंतर संपले. एके काळी गावोगाव मिळून अशी शेकडो पथके होती. आज राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारी पथके काही डझनांवर आली आहेत. प्रवास महागला, वाद्ये महागली, आश्रय देणाऱ्या संस्थांनी हात आखडता घेतला. कारणे आपल्याकडील तालमी बंद पडण्याच्या कारणांहून फार निराळी नाहीत. फ्लीटवुड नावाच्या कंपनीने त्या काळी अशा स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, म्हणून काही नाद तरी उरला; अंतिम स्पर्धा दूरचित्रवाणीवरून थेट दिसली ती १९७५ साली, फिलाडेल्फियाहून. बाकी जे उरले, ते माणसांच्या मनात. आणि मनात उरलेले निष्फळ ठरत नाही, याचेही पुरावे आहेत. १९९४ मध्ये फॉक्सबरो येथील अंतिम स्पर्धेच्या वेळी लान्सर्सचे जुने सभासद पुन्हा गणवेश चढवून मैदानात उतरले. २००७ मध्ये पॅसाडेना येथे किंग्जमेनचे जुने वादकही असेच उतरले. केस पिकलेल्या त्या वादकांसाठी प्रेक्षक थांबले, कारण त्यांची नावे कोणीतरी आठवणीत जागी ठेवली होती. पथक मोडते, पण त्याचा रसिक मोडला नाही तोवर ते पुरते मेले असे म्हणवत नाही.

येथवर सारे गोड आहे. परंतु आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी असलेली ही आठवण हळूहळू पायऱ्या चढून न्यायासनावर जाऊन बसते, आणि मग ती निवाडे देऊ लागते. ड्रम कोअरच्या इतिहासात हे वारंवार घडले. १९७२ मध्ये बिगूल ‘जी’ स्वराचे असत आणि त्यांना दाबावयाची एक कळ व फिरावयाची एक कळ असे. १९७७ मध्ये दोन दाबकळांच्या बिगुलांना परवानगी मिळाली, १९९० मध्ये तीन कळांच्या, आणि २००० पासून कोणत्याही स्वराची पितळी वाद्ये चालू लागली. १९८४ पासून दहाव्या भागाची ती जुनी कपात बंद झाली. २००४ मध्ये ध्वनिवर्धकास वाट मिळाली, २००९ मध्ये विजेवर चालणाऱ्या वाद्यांना. यांतील जवळजवळ प्रत्येक पाऊल पडताना जुन्या रसिकांतून एकच आरोळी उठली : हे आमचे ड्रम कोअर नव्हे! आमच्या वेळी असे नव्हते! आणि ‘आमची वेळ’ म्हणून पुष्कळांनी बोट दाखविले ते १९७२ कडे.

आता या आरोळीतील विसंगती पाहा. १९७२ हे साल म्हणजे मुळात काय होते? ज्या युद्धनिवृत्तांच्या संस्थांनी ही कला पाळली-पोसली, त्यांच्या हातून नियमांची दोरी काढून घेण्याचे ते साल. त्या वेळच्या वडीलधाऱ्यांना तेही मर्यादाभंगासारखेच भासले असले पाहिजे. ही पथके आमच्या अंगणात वाढली, आमच्याच संमेलनांत वाजली आणि आता आम्हांलाच नियम शिकवितात, असे कोणास वाटले असेल तर तो दोष मनुष्यस्वभावाचा. म्हणजे १९७२ च्या ज्या रात्रीचे गोडवे गाऊन नव्या पिढीला धाक घातला जातो, ती रात्रच एका बंडाचे फळ होती. काल जे बंड होते तेच आज सोवळे नेसून बसले आणि इतरांना शिवू नका म्हणू लागले! परंपरेच्या नावाने बोलणाऱ्याने आधी ती परंपरा कशी जन्मली हे आठवावे. अर्धी आठवण ही विस्मृतीहून अधिक घातक असते. कारण विसरलेला माणूस निदान गप्प बसतो.

याचा अर्थ जुन्या रसिकांचे सारेच म्हणणे टाकाऊ आहे असा कोणी घेऊ नये. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. ‘जी’ स्वराच्या त्या बिगुलांचा नाद खडा, काहीसा रानवट, पण मैदानास साजेसा होता. तो आजच्या सफाईदार वाद्यांतून येत नाही. उघड्या आभाळाखाली दूरवर पोहोचण्यासाठीच तो घडला होता. ध्वनिवर्धक आला की मंद वाजविणाऱ्याचाही आवाज मोठा होतो, आणि मग जोराने पण सुरेल वाजविण्याची जी कसरत होती तिचे मोल उतरते. शिवाय साधने वाढली की खर्च वाढतो आणि लहान गावचे गरीब पथक मागे पडते. ग्रेट बेंडसारख्या गावातून अग्रगण्य पथक निघू शकले ते दिवस परत यावेत असे कोणास वाटले, तर त्यास आम्ही केवळ गतकातरता म्हणणार नाही. हा आक्षेप विचारार्ह आहे. आमचे म्हणणे इतकेच की, तो आक्षेप कारणांसह मांडावा. ‘नाद बदलला आणि अमुक गोष्ट गमावली’ हे साक्षीदाराचे बोलणे झाले; ‘आमच्यानंतर सारे बुडाले’ हे न्यायाधीशाचे. पहिल्यातून नवा वादक काही शिकतो, दुसऱ्यातून केवळ दुखावतो.

साक्षीदाराला आणखी एक पथ्य असते, ते म्हणजे संपूर्ण सत्य सांगण्याचे. आठवणीचा स्वभाव असा की, ती गोड तेवढे वेचते आणि कडू ते गाळते. व्हाइटवॉटरच्या दिवसांची गाणी गाताना हेही सांगावयास हवे की, कॅव्हेलियर्स व मॅडिसन स्काउट्स ही नामवंत पथके त्या काळी केवळ मुलांचीच होती; त्या गावच्या एखाद्या मुलीच्या हाती कितीही कसब असले तरी ती रांग तिच्यासाठी नव्हती. आणि त्याच काळात आर्गोन रेबेल्सच्या ज्या बिगुलांची सर्वत्र वाहवा होई, ते बिगूल शिकविणारी व्यक्ती एक स्त्री होती. तिचे नाव सँड्रा ओपी. या दोन्ही गोष्टी एकाच काळाच्या आहेत. पहिली गाळली तर आठवण खोटी होते. दुसरी गाळली तर ती कृतघ्न होते. दोन्ही सांगितल्या म्हणजे तो काळ आपल्यासमोर माणसांचा काळ म्हणून उभा राहतो आणि देव्हाऱ्यातली मूर्ती राहत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. बेळगावच्या विद्यार्थ्याला बिगूल परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे आणि त्या पलटणीच्या बोधचिन्हातच बिगूल आहे. अमेरिकेतील त्या पथकांप्रमाणेच आपल्याकडील शाळांच्या बँडनेही बिगूल आणि साइड ड्रम लष्कराकडूनच उचलले. त्यांखेरीज आपल्याजवळ लेझीम आहे, झांजपथक आहे, गणेशोत्सवातील ढोल-ताशा आहे, शिवजयंतीची मिरवणूक आहे. या सर्वांत तरुण मुले-मुली आपला वेळ आणि घाम विनामोबदला ओतत असतात. परंतु यांतल्या किती पथकांची नोंद आपण ठेवली? शाळेच्या कपाटातील चषकावर साल कोरलेले असते. तो चषक ज्यांनी मिळविला त्या चाळीस मुलांची नावे कोठे असतात? लेझमीचे हात बसविणारे शिक्षक निवृत्त झाले की त्यांचे हात कोणाच्या वहीत उतरलेले असतात? आपल्याकडे आठवणींचा तोटा नाही. कट्ट्याकट्ट्यावर त्या ऐकू येतात. तोटा आहे तो लिहून ठेवण्याचा.

आणि न्यायाधीशांचा तर मुळीच तोटा नाही. ‘आमच्या वेळची लेझीम पाहावयास हवी होती’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ज्यांना ते ऐकावे लागते त्या मुलांस आम्ही सुचवू की, त्यांनी रागावू नये. उलट वही घेऊन बसावे आणि विचारावे : काका, त्या वेळी रांगेत किती जण होते? ठेका कोणता होता? लेझीम लाकडाची कोठून आणीत? मुलींना घेत होते का? चुकलेल्यास काय शिक्षा होई? असे प्रश्न आले की न्यायासनावर बसलेली आठवण आपोआप खाली उतरते आणि साक्ष देऊ लागते, कारण तपशील सांगताना मनुष्य सहसा नम्र होतो. वडील मंडळींनाही आमची विनंती आहे. आपल्या नातवंडांच्या ढोलपथकाविषयी मत देण्यापूर्वी, आपल्या वडिलांनी आपल्या वेळच्या बँडविषयी काय मत दिले होते, ते एकदा स्मरून पाहावे.

२०२२ मध्ये इंडियानापोलिस येथे ड्रम कोअर इंटरनॅशनलचे पन्नासावे वर्ष साजरे झाले. लहान गावच्या उघड्या मैदानावर जे सुरू झाले ते आता छप्पर असलेल्या प्रचंड क्रीडागारात भरते. १९७२ मध्ये जे पहिले आले ते किंग्जमेन तेथे स्पर्धेत नव्हते. ट्रूपर्स, ब्लू स्टार्स, व्हॅनगार्ड ही त्या पहिल्या वर्षीची पथके मात्र आजही नव्या मुलांना घेऊन वाजवीत आहेत. त्यांना जगविणाऱ्या अनेक गोष्टींत जुन्या रसिकांचा वाटा मोठा आहे : जे देणगी देतात, उन्हात उभे राहून सराव पाहतात, आणि विशीतल्या मुलाला सांगतात की, बाळ, तुझ्या गणवेशातील एक पथक आम्ही फार वर्षांपूर्वी ऐकले होते, ते असे वाजवीत असत, आता तू तुझे वाजव.

हे शेवटचे वाक्य ज्या रसिकाला मनापासून म्हणता येईल, त्याचीच आठवण कलेला उपकारक होते, असे आमचे मत आहे. आमच्या वाचकांपैकी आज जे वाजविणारे आहेत ते उद्या ऐकणारे होतील. त्या दिवसासाठी त्यांनी दोन गोष्टी आतापासूनच कराव्यात : यंदाच्या पथकातील प्रत्येकाचे नाव एका वहीत लिहून ठेवावे, आणि त्या वहीची पुढची पाने कोरी सोडावीत.